भीमथडी वाचवायची तर वाट मोकळी करा

दिवाळी उरकते, माळावरची ओल आटत जाते आणि दौंड, बारामती, इंदापूर, फलटण, माण, पारनेर, कर्जत या कोरड्या पट्ट्यातले धनगर वाडे, म्हणजे मेंढपाळ कुटुंबांचे फिरते गट, हलू लागतात. काही घाट उतरून कोकणाकडे जातात, काही नदीकाठच्या बागायतीकडे. पुरुष मेंढरांची खांड घेऊन रानोमाळ पांगलेले असतात. बिऱ्हाड हलवतात त्या बाया. पाल, वाघर, पातेली, धान्याच्या पिशव्या, गोधड्या, डालग्यातल्या कोंबड्या, आदल्या रात्री जन्मलेलं कोकरू आणि सगळ्यांच्या वर एखादं लहान पोर, एवढा संसार एका बुटक्या, चिवट, शांत स्वभावाच्या घोडीच्या पाठीवर चढतो. बाई कासरा धरून पुढे चालते, घोडी मागे. दुसऱ्या तळावर पाल पडलं की घोडीच्या पुढच्या पायांना दोरी बांधून तिला चरायला सोडायचं. तिच्यापुढे हरभऱ्याची चंदी कुणी ठेवत नाही. बांधावर, रस्त्याकडेला, कापून गेलेल्या पिकाच्या धसकटांत जे मिळेल ते ती खाते, आणि तळ हलला की पुन्हा ओझं उचलते.

ही भीमथडी. भीमा आणि नीरेच्या खोऱ्यात घडलेली, दख्खनी घोडा म्हणूनही ओळखली जाणारी जात. २०२४ च्या सुरुवातीला कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, स्पिती, झंस्कारी, भुतिया आणि कच्छी-सिंधी या सात जातींच्या पंक्तीत भारतातली आठवी जात म्हणून ती बसली. त्यासाठी बारामती परिसरातल्या ज्या लोकांनी वर्षानुवर्षं मोजमापं घेतली, नमुने गोळा केले, कागद पुढे सरकवले, त्यांचे महाराष्ट्रावर उपकार आहेत. २०२३ पासून जे आपलं राज्यगीत आहे, त्यातही या घोड्याचं नाव आहे. शाळेतली मुलं ते रोज गातात. जे नाव आपण गातो ते सरकारी नोंदवहीत यायला मात्र २०२४ उजाडलं.

नोंद झाली, आता पुढे काय, हा खरा प्रश्न आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की भीमथडी टिकेल ती धनगराच्या वाड्याबरोबर चालत असतानाच. तिला वाड्यापासून तोडून स्टड फार्मात, प्रदर्शनात किंवा जत्रेच्या मांडवात वाचवायला गेलो, तर नाव भीमथडीचं राहील आणि घोडा वेगळाच तयार होईल. म्हणून या जातीसाठी जो पैसा, जी धोरणं आणि जी माणसं कामाला लागतील, त्यांचं पहिलं लक्ष घोड्यापेक्षाही वाड्याच्या वाटेवर, चाऱ्यावर आणि पाण्यावर असायला हवं.

हे पटण्यासाठी हा घोडा कसा घडला ते पाहावं लागतं. दख्खनच्या पठारावर पाऊस कमी, गवत आखूड, जमीन खडकाळ. कोकणातल्या बंदरांतून अरबी घोडे शतकानुशतकं वर येत राहिले आणि इथल्या लहान चणीच्या घोड्यांशी त्यांची सरमिसळ होत गेली. मलिक अंबरच्या काळापासून दख्खनमध्ये जे युद्धतंत्र वाढलं त्याला जड चिलखताचा, भरपूर खाणारा, सपाट मैदानावर धावणारा घोडा उपयोगाचा नव्हता. लागत होता तो घाट चढणारा, दगडावर न अडखळणारा, मिळेल ते खाऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा मजल मारणारा. शिवकाळातल्या पागेची रचना पाहिली तर या घोड्याची किती बारकाईने काळजी घेतली जात होती ते दिसतं. पंचवीस बारगिरांवर, म्हणजे सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर, एक हवालदार, आणि तेवढ्या घोड्यांमागे पाणी वाहायला एक पखालजी आणि खुरांसाठी एक नालबंद. पाणी आणि नाल यांची सोय सैन्याच्या सगळ्यात लहान तुकडीपर्यंत पोचवलेली होती.

चिपळूणजवळच्या हलवर्णच्या छावणीतल्या जुमलेदारांना शिवाजी महाराजांच्या दरबारातून गेलेलं पत्र अनेकांनी वाचलेलं असतं. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, हा त्यातला भाग आपण भाषणांतून ऐकतो. पण त्या पत्राचा मोठा भाग घोड्यांच्या वैरणीविषयी आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आत्ताच बेहिशेबी उधळलं, तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, म्हणजे ती तुम्हीच मारली असं होईल, आणि मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिरून त्यांना त्रास द्याल, असा त्याचा आशय आहे. गवताच्या गंजीला आग लागू नये म्हणून दिव्याची वात उंदीर नेईल इथपर्यंतची चिंता त्यात आहे. मला हे पत्र घोड्यांच्या धोरणावरचा मराठीतला सर्वांत शहाणा दस्तऐवज वाटतं. घोडा राखायचा म्हणजे आधी गवत राखायचं आणि गवतावरून माणसांत भांडण होऊ द्यायचं नाही, हे त्या काळात उमगलेलं होतं. आज भीमथडीच्या संवर्धनावर बोलताना गवताचा विषय निघतच नाही, याचं मला दुःख वाटतं.

अठराव्या शतकात हाच घोडा नर्मदेपलीकडे गेला. १७२८ च्या पालखेडच्या मोहिमेत पहिल्या बाजीरावाने निजामाला जेरीस आणलं ते जड तोफखाना आणि बाजारबुणगे बरोबर न घेता, निव्वळ घोडदळाच्या वेगावर. १७५८ मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत पोचल्या. प्रत्येक स्वार एकाच जातीच्या घोड्यावर होता असं कुणी म्हणणार नाही. सरदारांकडे अरबी, तुर्की घोडेही होते. पण दख्खनमधून निघालेल्या त्या फौजेचा पाया याच लहान घोड्यांवर उभा होता. आणि त्या घोड्यांवर बसलेली किती माणसं मेंढपाळांच्या घरातली होती याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे नीरेकाठच्या होळ गावचे मल्हारराव होळकर. धनगराचं पोर आणि घोडं हे नातं आजचं नाही. जेजुरीचा खंडोबा घोड्यावर बसतो आणि त्याची बाणाई धनगराची लेक असते, यातही तेच नातं आहे.

मराठेशाही संपली आणि घोड्याचं लष्करी मोल उतरत गेलं. पागा मोडल्या. इंग्रजी फौजेला उंच घोडा हवा होता, त्यासाठी बाहेरून नर आणले गेले. १८७६ ते ७८ च्या दुष्काळाने दख्खनमधलं पशुधनच कोसळलं. रेल्वे आली, मोटार आली. एके काळी पुणे जिल्ह्यात भीमथडी नावाचा तालुका होता. ते नावही मागे पडलं. सरदारांच्या वाड्यांतून, छावण्यांतून, सरकारी दप्तरातून हा घोडा निघून गेला. तो उरला फक्त एका ठिकाणी, धनगरांच्या बिऱ्हाडात. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, तबेला नव्हता, वंशावळीची वही नव्हती, त्यांनी तो दीडशे-दोनशे वर्षं सांभाळला. कारण त्यांना त्याची रोज गरज होती.

ही गोष्ट वाड्यांचं गुणगान करण्यासाठी सांगत नाही. ती जातीच्या शास्त्राशी जोडलेली आहे. भीमथडीची उंची खांद्यापाशी साधारण १३० सेंटिमीटरच्या आसपास असते, मारवाडी घोडा दीडशेच्या घरात जातो. हा बुटकेपणा म्हणजे तिच्यातलं वैगुण्य नव्हे. लहान शरीराला चारा कमी लागतो, बाईच्या हाताला पाठीवर ओझं चढवता येतं, घाटाच्या पायवाटेवर तोल सांभाळता येतो. दर काही दिवसांनी तळ बदलणाऱ्या वाड्यात जी घोडी चालू शकत नाही, जी अंगावर येते, लहान मुलाला लाथ मारते, आखूड गवतावर खंगते, ती विकली जाते, तिची शिंगरं मागे राहत नाहीत. चालणारी, शांत, थोडक्यात भागवणारी घोडी राहते आणि तिचीच पोरं पुढे जातात. पिढ्यान् पिढ्या ही निवड रस्त्याने केली. मालकाला वेगळी परीक्षा घ्यावी लागली नाही.

इथे कुणी विचारेल की मुळात अरबी आणि देशी घोड्यांच्या सरमिसळीतून झालेल्या जातीच्या शुद्धतेची एवढी काळजी कशाला? आज मारवाडी किंवा काठियावाडी नर लावून उंच, देखणी शिंगरं मिळत असतील आणि मालकाला चार पैसे जास्त मिळत असतील तर हरकत काय? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की पूर्वीच्या सरमिसळीनंतर जी शिंगरं झाली, त्यांना पुन्हा त्याच पठारावर, त्याच गवतावर, त्याच ओझ्याखाली स्वतःला सिद्ध करावं लागलं. आजच्या संकराचं तसं होत नाही. आज घोड्याचा भाव ठरतो बाजारात. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास, अकलूजला दिवाळीच्या सुमारास घोड्यांचे मोठे बाजार भरतात. तिथे लाखांची बोली लागते ती उंचीवर, रंगावर, कानांच्या वळणावर, नाचऱ्या चालीवर. त्यात चूक काही नाही. मारवाडीचे शौकीन आहेत म्हणूनच ती जात आज ताठ उभी आहे. पण त्या मोजपट्टीवर भीमथडी नेहमीच हरणार. आणि आता तिला सरकारी ओळख मिळाल्यावर तिची स्वतंत्र प्रदर्शनं भरतील, तेव्हा तिथेही परीक्षक हीच पट्टी घेऊन उभे राहिले, तर मालक साहजिकच उंच शिंगरू निवडेल, उंच नर शोधेल. जातीच्या नावाखालीच जात बदलत जाईल. हे बदलायला फार पिढ्या लागत नाहीत.

आपल्या डोळ्यांची सवयही याला कारण आहे. चौकाचौकांतले अश्वारूढ पुतळे पाहा. महाराजांचा घोडा म्हणून शिल्पकार जो घडवतात तो बहुतेक वेळा उंच, लांब मानेचा, पाश्चात्त्य धाटणीचा असतो. शिल्पाला भव्यता हवी, हे मान्य. पण तेच रूप पाहत मोठे झालेल्या आपल्याला रस्त्याकडेने गोधड्या वाहून नेणारी घोडी दिसली, की त्या फौजेशी तिचं काही नातं आहे हे मनातही येत नाही. गाडीचा हॉर्न वाजवून आपण तिला बाजूला सारतो.

आता पैशाकडे येऊ. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय पशुधन अभियानात बदल करून घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांचा समावेश केला. व्यक्ती, बचतगट, शेतकरी उत्पादक संस्था यांना घोड्यांचा उद्योग उभारण्यासाठी ५० टक्के भांडवली अनुदान, कमाल ५० लाख रुपयांपर्यंत. शिवाय वीर्य केंद्र आणि मूळ पैदास फार्म उभारण्यासाठी केंद्राकडून १० कोटी रुपयांची तरतूद. घोड्यांसाठी इतका पैसा पूर्वी कधी दिसला नव्हता, आणि तो आला हे उत्तम झालं. २०१९ च्या पशुगणनेत देशातले घोडे आणि तट्टं ३.४ लाखांवर आले होते. २०१२ च्या तुलनेत ४५ टक्क्यांहून अधिक घट. एवढी पडझड पाहून सरकार हललं नसतं तरच नवल.

पण हे अनुदान कोण उचलणार? पन्नास टक्के सरकार देणार म्हणजे उरलेले पन्नास टक्के आपण उभे करायचे. त्यासाठी जमीन लागते, तारण लागतं, प्रकल्प अहवाल लागतो, बँकेच्या पायऱ्या चढायला वेळ लागतो. वर्षातले सात-आठ महिने चालणाऱ्या धनगराकडे यातलं काय आहे? योजना आहे तशी राबवली तर बागायतदार, बिल्डर, हौशी श्रीमंत यांचे स्टड फार्म उभे राहतील. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. घोड्यावर जीव टाकणारी माणसं त्यांच्यात आहेत. पण सिमेंटच्या तबेल्यात, कडबा-हरभऱ्यावर वाढलेल्या भीमथडीवर तो जुना निवडीचा दाब राहत नाही. अशक्त खुराचं, चिडक्या स्वभावाचं, जास्त खाणं लागणारं शिंगरूही तिथे नीट जगतं आणि पुढे वंश चालवतं. गोठवलेलं वीर्य, भ्रूण प्रत्यारोपण हे तंत्र बिकानेरच्या अश्व संशोधन केंद्राने मारवाडी घोड्यांत यशस्वी करून दाखवलं आहे आणि भीमथडीचाही असा साठा करून ठेवायला हवा. तो विमा आहे. विमा काढला म्हणून घर सांभाळायचं सोडून देत नाहीत.

दुसऱ्या जातींकडे पाहिलं की एक गोष्ट उघड दिसते. झंस्कारी आणि स्पिती घोडे टिकले कारण त्या उंचीवर, त्या थंडीत दुसरं जनावर ते काम करू शकत नाही. मणिपुरी तट्टाकडे तर पोलोसारखा जगभर गेलेला खेळ आहे. मणिपूर ही आधुनिक पोलोची जन्मभूमी. तरीही पाणथळ कुरणं आक्रसत गेली तशी तिथली संख्या हजार-अकराशेपर्यंत खाली आली, आणि २०१६ मध्ये राज्य सरकारला खास संवर्धन धोरण आणावं लागलं. खेळ होता, प्रतिष्ठा होती, इतिहास होता, पण चरायला जागा उरली नाही. भीमथडीबाबत आपण तीच वाट चाललो आहोत.

कारण भीमेच्या खोऱ्यातही चराईची जागाच नाहीशी होते आहे. १९८० मध्ये उजनीचं धरण झालं. त्याच्या फुगवट्याखाली नदीकाठचा मोठा पट्टा गेला, आणि त्याच पाण्यावर आजूबाजूला ऊस उभा राहिला. ज्वारी-बाजरीचं शेत कापलं की महिनोन् महिने जनावरांना मोकळं मिळायचं. ऊस वर्षभर शेत अडवून उभा राहतो. पाण्याने या भागातल्या लाखो माणसांना पोट दिलं, त्याविषयी तक्रार करण्याचा अधिकार कुणाला नाही. पण उरलेल्या माळांचं आपण काय केलं? सरकारी कागदावर माळरान म्हणजे पडीक जमीन. मग तिथे चर खणून ग्लिरिसिडियासारखी झाडं लावायची, सौर प्रकल्प आणायचे, औद्योगिक वसाहत आणायची, किंवा कुंपण घालून चराईबंदी करायची. गवताळ माळ हा स्वतःच एक भरलेला अधिवास आहे, चिंकारा, लांडगा, धाविक पक्षी असे जीव त्याच्यावर जगतात आणि मेंढरांची फिरती चराई त्याचा भाग आहे, हे आता अभ्यासकही सांगतात. जमिनीच्या नोंदीत मात्र ते अजून उतरलेलं नाही.

वनहक्क कायदा २००६ मध्ये आला. भटक्या आणि पशुपालक समाजांचा हंगामी चराईचा हक्क त्यात शब्दांत लिहिलेला आहे. पण अनुसूचित जमातीत नसलेल्या समाजाला तो मिळवायचा तर तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. जो समाज एका ठिकाणी राहत नाही म्हणूनच त्याला हंगामी हक्क हवा आहे, त्याच्याकडे वास्तव्याचा पुरावा मागायचा. ही अट शिथिल होणं, निदान पिढीजात वाटा आणि तळांच्या जागा हाच पुरावा धरला जाणं, हे भीमथडीसाठी दहा स्टड फार्मांपेक्षा मोलाचं ठरेल.

यावर सगळ्यात गंभीर आक्षेप वेगळाच आहे आणि तो धनगर समाजातूनच येतो. आम्ही किती दिवस असंच ऊन-पावसात चालायचं? घोड्याची जात टिकावी म्हणून आमच्या पोरांनी शाळा सोडायची का? अनेक वाड्यांनी आता छोटा टेम्पो घेतला आहे. बिऱ्हाड तासाभरात पुढच्या तळावर पोचतं, बाईचा जीव वाचतो. त्याला कोण नाही म्हणेल? कुठल्याही जनावराच्या जातीसाठी एका माणसाने कष्टात अडकून पडावं, असं मला मुळीच म्हणायचं नाही. ज्यांना हे आयुष्य सोडायचं आहे त्यांना सोडता आलं पाहिजे, सन्मानाने आणि पर्यायासह.

पण हजारो कुटुंबं आजही चालतात आणि त्यातली बरीच हौसेने नाही तर हिशेबाने चालतात. मेंढरं शेतात बसवली की शेतकरी धान्य किंवा रोख देतो, खत मिळतं, चारा मिळतो, मेंढी वाढते. मटणाला भाव आहे. फिरती मेंढपाळी हा चालणारा धंदा आहे. त्या वाटेवर टेम्पो प्रत्येक ठिकाणी जात नाही आणि डिझेल फुकट मिळत नाही. चार शेतांपलीकडच्या तळावर जायला, बांधाच्या पायवाटेने उतरायला घोडीच लागते. म्हणजे काम संपलेलं नाही. कामाच्या वाटेत अडथळे घातले गेले आहेत. रस्त्यावर ट्रकखाली जनावरं चिरडतात, रात्री मेंढरं चोरीला जातात, अनोळखी गावात पाणी भरू दिलं जात नाही. हे अडथळे कमी केले आणि पोरांसाठी निवासी शाळा नीट चालवल्या, तर चालायचं की थांबायचं हा निर्णय ते कुटुंब स्वतः घेईल. आज परिस्थिती त्यांना एकीकडे ढकलते आहे आणि त्याला आपण प्रगती म्हणतो.

ओझ्याच्या जनावरावर क्रौर्य होतं, असंही काही प्राणिप्रेमी म्हणतात. १९६५ च्या नियमांनी तट्टाच्या पाठीवरच्या ओझ्याला ७० किलोंची मर्यादा घातली आहे, ती पाळली गेलीच पाहिजे. पाठीवर जखमा असलेली, खूर फाटलेली घोडी मीही पाहिली आहे. मात्र त्यावर इलाज घोडी सोडवून नेण्याचा नाही. त्या बाईला चांगली खोगिराची गादी, नालबंद आणि जनावरांचा डॉक्टर मिळवून देण्याचा आहे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकांसाठी १९६२ हा फोन क्रमांक आहे. तो वाड्याच्या तळावरून फिरवला की, वाडा आज एका तालुक्यात आणि उद्या दुसऱ्यात असला तरी पथक यायला हवं. धनुर्वात, पोटशूळ, खुरांचे रोग यांच्यासाठी घोड्यांची माहिती असलेली माणसं त्या पथकात हवीत. गाई-म्हशींचा डॉक्टर घोड्यापाशी अनेकदा चाचपडतो.

राज्याकडे यासाठी लागणारी चौकट आधीच आहे. राजे यशवंतराव होळकर महामेष योजना धनगर समाजासाठीच आहे, पण ती मेंढीभोवती उभी आहे. ती मेंढी ज्या बिऱ्हाडाच्या जोरावर फिरते ते वाहणारी घोडी तिच्या केंद्रात नाही. एका ओळीच्या दुरुस्तीने तिथे भीमथडी घोडी आणि तिच्या शिंगराच्या संगोपनाचं अनुदान येऊ शकतं. अनुदान घोडी वापरणाऱ्या बाईच्या नावावर द्यावं, कारण घोडी ती सांभाळते. २१ व्या पशुगणनेत पशुपालक समाजांच्या फिरत्या जनावरांची पहिल्यांदाच वेगळी नोंद घेतली गेली. त्या आकड्यांवरून वाडानिहाय घोड्यांची यादी करता येईल, आणि तीच भीमथडीची पहिली वंशावळीची वही ठरावी. फार्मातले घोडे त्या वहीत नंतर यावेत, आणि त्यांच्या नोंदीसाठी अट एकच असावी: दर काही वर्षांनी नवी रक्तरेषा चालत्या वाड्यांतून योग्य किंमत देऊन घ्यायची. म्हणजे हौशी माणसाचा पैसाही धनगराच्या घरात जाईल आणि चांगली शिंगरी राखण्याचं कारण त्याला मिळेल.

गडकोटांवरची भटकंती, अश्वारोहणाच्या शाळा, लांब पल्ल्याच्या घोडदौडी यांतही भीमथडीला जागा आहे. बारा-चौदा वर्षांच्या मुलाला बसायला याहून शांत घोडा मिळणार नाही. या वाटांनी येणारी मागणी स्वागतार्हच आहे. फक्त तिथे दर्जा ठरवताना उंची मोजण्याऐवजी चाल पाहावी: ओझं घेऊन दोन-तीन दिवसांची मजल, रानातल्या चाऱ्यावर, आणि शेवटी पशुवैद्यकाने नाडी, खूर आणि पाठ तपासायची. परीक्षकांत निम्म्या तरी बिऱ्हाड हलवणाऱ्या बाया असाव्यात. कोणती घोडी चांगली हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळत नाही, आणि आजवर हे त्यांना कुणी विचारलेलं नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणं आणि पशुपालक यांच्यासाठी जाहीर केलं आहे. त्या निमित्ताने चर्चासत्रं होतील, स्मरणिका निघतील. त्याबरोबर एक काम लगेच करता येईल, ज्याला कायदा बदलावा लागत नाही आणि कोट्यवधीही लागत नाहीत. मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रं माणमधल्या दहिवडीला, सांगोल्यातल्या महूदला, कवठेमहांकाळमधल्या रांजणीला आहेत, म्हणजे ज्या भागात हे वाडे पावसाळ्यात परततात त्याच भागात किंवा त्याच्या शेजारी. तिथे वाड्यांतूनच पारखून घेतलेले पैदाशीचे भीमथडी घोडे ठेवावेत आणि परतलेल्या घोड्या त्यांच्याकडे विनामूल्य फळवाव्यात. घोडी अकरा महिने गाभण राहते. या पावसाळ्यात सुरुवात केली तर पुढच्या पावसाळ्याआधी पहिली शिंगरं वाटेवर असतील.